बिनखुणेची रोटी

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुम्ही म्हणजे नुसतं एक तोंड आहात आणि तेही तुमच्या ताब्यात नाही. येणारा-जाणारा त्यातून आपलं बोलून जातो. मी तशीच आहे. मी एक जुनी चौकट आहे. ब्लॉगवरचा मजकूर संपला, की खाली वाचकांना मत लिहायला जी रिकामी जागा असते ना, तीच मी.

माझा जन्म मोरोक्कोतल्या सफ्रू गावातला. आमच्या गल्लीत बुश्ताकाकांची सामाईक भट्टी होती. घरोघरी पीठ मळलं जाई आणि फळीवर मांडलेल्या गोल रोट्या भाजायला तिथे येत. अदलाबदल नको म्हणून प्रत्येक घराची रोटीवर खूण असे. कुणाची काट्याची टोचणी, तर कुणाचा बोटांचा ठसा. काकांच्या मुलीने, वियामने, भट्टीचा ब्लॉग सुरू केला आणि त्याखाली मला बसवलं.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. "खाला रहमा, तुमच्या रोटीच्या वासानंच भूक लागली!" असं कुणी लिही. "मग ये की चहाला, वासावर किती दिवस काढशील?" असं उत्तर येई. रोटी करपली तर भांडणंही होत. पण लिहिणाऱ्याला संध्याकाळी त्याच भट्टीवरून जायचं असे, म्हणून तो जपून लिही.

पुढे नाव न सांगता लिहायची सोय झाली. वाचक वाढले आणि माझ्यातली भाषा बदलली.

गल्लीची एक रीत होती. शुक्रवारी प्रत्येक घर फळीवर एक जादा रोटी ठेवी, बिनखुणेची. ज्या घरी चूल थंड असेल तिथे काका त्या रोट्या गुपचूप पोचवत. कोणतं घर, हे कुणी विचारायचं नाही आणि काकांनी सांगायचं नाही. म्हाताऱ्या बायकांना हे ठाऊक होतं. फळी न्यायला येणाऱ्या तरुणांना मात्र कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

एके दिवशी 'गल्लीचा डोळा' या नावाने माझ्यात एक फोटो आला. गच्चीवरून टिपलेले काका, हातात झाकलेली टोपली. खाली ओळ होती, "आपल्या रोट्या कुठे जातात, बघा!"

"आमचीही एक कमीच येते!"

"तरीच म्हाताऱ्याचं पोट सुटलंय."

"त्याचेच हात घाला भट्टीत."

ज्यांनी ती भट्टी कधी पाहिली नव्हती, तेही लिहून गेले. मला ओठ मिटता येत नाहीत, मित्रांनो. जाणत्या म्हाताऱ्यांनी घरात ती रीत सांगितली, तर नातवंडं म्हणाली, "आजी, तू गप्प बस. फोटो काय खोटं बोलतो?"

वियाम रडली. "बाबा, एकदा त्या घराचं नाव सांगून टाका ना!"

"म्हणजे माझी चाललीय तीच बदनामी त्यांची होऊ दे? नको. मला चोर म्हणू देत."

फळ्या येईनाशा झाल्या. भट्टी विझली.

टोपली जात होती इब्तिहालच्या घरी. वडील नव्हते, आईचे हात अधू झाल्यापासून गालिचे विणणंही थांबलं होतं. आईने तिला बजावलं, "एक अक्षर लिहायचं नाही. शाळेत तोंड दाखवता येणार नाही तुला."

तरी ती लिहायला आली. "त्या रोट्या आमच्याकडे येत होत्या. काका चोर नाहीत. इब्तिहाल."

लगेच 'गल्लीच्या डोळ्या'चं उत्तर आलं, "किती रोट्यांना विकलीस जीभ?"

मित्रांनो, माझ्यात लिहिलेलं पुसता येतं, पण विझलेली भट्टी पुसापुशीने पेटत नाही. बोट टेकवण्याआधी जरा थांबत जा.

इब्तिहालने फोटो पुन्हा निरखला. कोपऱ्यात गच्चीचा हिरवा कठडा दिसत होता. तसा कठडा गल्लीत एकाच घराला होता, गावात येणाऱ्या पर्यटकांचे फोटो काढणाऱ्या झुबैरच्या. ती उठली. फोन मुठीत उघडाच होता, म्हणून मीही तिच्याबरोबर होते.

"काय गं, काय हवंय?" झुबैरने दार उघडलं.

तिने मला त्याच्यासमोर धरलं. "झुबैरभाई, मी आलेय. तुम्ही लिहिलंय ते मोठ्यानं वाचा."

"मी नाही लिहिलं काही. जा घरी, वेडी कुठली!" दार आपटलं.

ती पायरीवर तशीच उभी राहिली. तिने गल्लीकडे तोंड केलं आणि माझ्यात काकांविषयी लिहिलेलं सगळं, पहिल्या ओळीपासून, ती मोठ्याने वाचू लागली.