तिसऱ्या प्रश्नाचं नमुना उत्तर

वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी बावीस वर्षांच्या नोकरीत कधी निकालावरची सही अडवून धरली नव्हती. या वर्षी धरली.

कॉलेजात सगळ्या शाखांच्या मुलांची एकच परीक्षा झाली होती. मुलं स्वतःच्या डोक्यानं विचार करतात का, हे तपासायची. तिसऱ्या प्रश्नात एक तक्ता होता: ग्रंथालयात रोज बसणाऱ्यांना जास्त गुण, न बसणाऱ्यांना कमी. निष्कर्ष काढा. सोबत आलेलं नमुना उत्तर असं: ग्रंथालयात बसल्यानं गुण वाढतात, म्हणून ते सक्तीचं करावं. दुसरं काही लिहिलं तर शून्य, आणि एका प्रश्नात शून्य म्हणजे अख्ख्या परीक्षेत नापास.

दोनशे मुलांपैकी बहुतेकांनी तेच लिहिलं होतं. अकरा जणांनी मात्र तक्त्यालाच धारेवर धरलं होतं. इतिहासाच्या मुलीनं विचारलं होतं, हा तक्ता कुणी केला आणि कशासाठी? वाणिज्यच्या मुलानं लिहिलं होतं, कॉलेज सुटल्यावर कामाला जाणारे ग्रंथालयात बसणार कधी? आणि त्यांचे गुण कमी पडतात ते न बसल्यानं, की दमल्यानं? बाईंच्याच वर्गातल्या एकीनं कुंड्यांचं उदाहरण दिलं होतं. धट्टीकट्टी रोपं उन्हात ठेवली आणि मरतुकडी सावलीत, तर उन्हाला श्रेय किती द्यायचं?

नियमानं अकराही नापास. वर नापासांना सक्तीचा वर्ग, विचार कसा करावा हे शिकवायला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गठ्ठा काखोटीला मारून त्या उपप्राचार्यांच्या खोलीत शिरल्या.

"बाई, आपण उत्तरपत्रिका तपासायच्या, प्रश्नपत्रिका नाही," ते म्हणाले.

"विचार करतात का, तेच बघायचं होतं ना सर? या अकरा जणांनीच केलाय."

"असेल. पण नमुना उत्तर वरून आलंय. सही करा आणि मोकळ्या व्हा."

"तुम्ही भौतिकशास्त्राचे. तुम्ही काय लिहिलं असतं?"

त्यांनी तक्ता वाचला, चष्मा काढून पुसला. "माझा इथे संबंध नाही," एवढंच म्हणाले.

बाई सही न करता घरी आल्या. नवरा म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" सासऱ्यांची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. बाईंनी त्यांना विचारलं, "बाबा, मूळ प्रतच चुकीची आली तर काय करायचात?"

"परत पाठवायचो. मालकाची बोलणी खायचो. पण चूक आपल्या हातून पुढे जाऊ द्यायचो नाही."

आठ दिवस निकाल अडला. मग वरून आदेश आला: तिसरा प्रश्न रद्द, त्याचे पूर्ण गुण सगळ्यांना सरसकट. अकरा जण पास झाले. शिक्षकांच्या खोलीत बाईंचं अभिनंदन झालं, पण त्या धुमसतच राहिल्या. ठरलेलं लिहिणारे आणि डोकं चालवणारे एकाच मापानं मोजले गेले होते, आणि चूक झाली असं कुणी एका ओळीनंही कबूल केलं नव्हतं.

त्यांनी अकरा जणांना प्रयोगशाळेत बोलावलं. प्रत्येकाच्या उत्तराखाली लाल शाईनं लिहिलं, 'तुझं उत्तर बरोबर होतं', आणि खाली सही केली.

इतिहासाच्या मुलीनं ते वाचलं. "मग बाई, नमुना उत्तर चुकलं होतं, हे निकालात का नाही लिहिलं?"

"ते मला नाही सांगता यायचं. उपप्राचार्यांना विचार."

मुलगी उठली. तिच्या मागोमाग बाकीचे दहाही उठले. बाईंनी प्रयोगशाळेला कुलूप घातलं आणि त्याही त्यांच्याबरोबर निघाल्या.