समाप्तनंतरची पानं

मित्रांनो, मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. जुनं तर आहेच, वर जन्मापासून बिघडलेलं. माझ्यासोबत छापलेली माझी भावंडं दुकानात गेली, रंगीत कागदात गुंडाळली गेली, कोणाकोणाच्या वाढदिवसाला पोचली. मी मात्र कारखान्याच्या दारातूनच मागे फिरलो. पण म्हणून लगेच माझी कीव करू नका. माझ्या भावंडांना जे कधी मिळालं नाही ते मला मिळालं होतं. पुढे ते माझ्याकडून काढून घेतलं गेलं, ती गोष्ट वेगळी. तीच सांगायला बसलोय.

माझा जन्म पुस्तकबांधणीच्या कारखान्यात झाला. पत्र्याची लांब शेड, खळीचा आंबूस वास आणि दिवसभर कागद कापणाऱ्या यंत्राची धाडधाड. छापून आलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की एक फर्मा तयार होतो. माझे असे चार फर्मे. पहिल्यात हत्तीचं पिल्लू आईची शेपटी सोंडेत धरून चालतं. दुसऱ्यात धुकं येतं आणि शेपटी सुटते. तिसऱ्यात पिल्लू एकटंच हिंडतं आणि शेवटी दमून एका झाडाखाली बसतं. चौथ्यात आई सापडते, आणि तिच्या पायाशी ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, 'समाप्त'.

फर्मे ओळीने लावून सुईदोऱ्याने शिवायचं काम एका बाईकडे होतं. तिचा नवरा त्याच शेडमध्ये शिवलेल्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायचा. दोघांचा हात इतका बसलेला, की डोळे दुसरीकडे असले तरी काम बिनचूक व्हायचं. पण त्या दिवशी तिला सकाळपासून गरगरत होतं. तिने कोणाला सांगितलं नाही. अंगावर काढायची सवयच होती तिला. माझा चौथा फर्मा तिच्या हातून तिसऱ्याच्या आधी लागला, आणि ती तशीच शिवत गेली. पुठ्ठा चढल्यावर मालकाने मला चाळलं तेव्हा चूक उघडी पडली. मालक चारचौघांत नको ते बोलला. ते नवऱ्याच्या जिव्हारी लागलं, आणि त्याने सगळा राग बायकोवर काढला.

"लक्ष कुठे असतं तुझं?" तो ओरडला.

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. ती कड तिने का धरली होती, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

रद्दीत जाण्यापेक्षा घरी पोरीला होईल, म्हणून नवऱ्याने संध्याकाळी मला डब्याच्या पिशवीत घातलं. घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली एक फळी होती, तिथे माझी सोय लागली. पोरगी एका जागी घटकाभर बसायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. मी हातात आलो आणि भिंगरी बसली. बाबा तिला चिडवायला लागला, की एवढी शांत बसलीस, ताप तर नाही ना आला?

आई तिला वाचून दाखवायची. पहिल्याच दिवशी भिंगरीने माझी चूक पकडली. 'समाप्त' आलं, तरी हाताखाली पानं उरलीच होती. असं कसं, म्हणून ती आईच्या मागे लागली. आई आधी ओशाळली, मग खो खो हसली.

"माझ्या हातचं पुस्तक आहे ते," ती म्हणाली. "समाप्त झाल्यावरसुद्धा थांबत नाही."

हे भिंगरीला इतकं आवडलं, की शेजारपाजारच्या मुलांना ती मुद्दाम बोलावून दाखवायची. तुमच्या पुस्तकांची गोष्ट संपते, माझी संपत नाही, असा तिचा तोरा. आता एक अडचण होतीच. माझ्या शेवटच्या पानावर पिल्लू झाडाखाली एकटं बसलेलं. तिथे वाचन थांबवायला भिंगरी तयार नसायची. मग आई तिथून पुढे तोंडाने गोष्ट रचायची. कधी पिल्लाला आई नदीकाठी भेटायची, कधी कोणाच्या तरी अंगणात. रोज नवीन. माझ्या एकाही भावंडाच्या नशिबी रोज नवा शेवट नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो.

एका सुट्टीच्या दिवशी भिंगरी म्हणाली, नुसतं बोलून नाही भागत, पिल्लाला खरी आई पाहिजे. मायलेकी जमिनीवर बसल्या. बाबाने कारखान्यातून पुठ्ठ्याच्या कातरणांची पिशवीच आणून दिली. आईने पेन्सिलीने हत्तीण काढली, भिंगरीने जीभ बाहेर काढून कापली. कान वेगळे कापून दोऱ्याने बांधले, म्हणजे ते हलतील. शेपटीला माझ्या शिवणीला वापरला होता तसलाच जाड दोरा, त्याला मेण चोळलेलं, आणि टोक उसवून केलेला झुपका. एक पाय आखूड झाला, हत्तीण कलायला लागली, तेव्हा त्या पायाखाली शर्टाचं बटण चिकटवलं. त्या संध्याकाळपासून वाचन संपलं की पुठ्ठ्याची हत्तीण माझ्या शेवटच्या पानावर येऊन उभी राहायची. शेपटीचं टोक बरोबर पिल्लाच्या सोंडेपाशी टेकायचं. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस ते एवढेच.

गरगरणं मग वाढत गेलं. आई कामावरून अर्ध्या दिवसात परत येऊ लागली, मग जाईनाशी झाली. वाचताना ओळ सुटायची, तेव्हा भिंगरी बोट ठेवून दाखवायची. शेवटी डॉक्टरांनी इस्पितळात ठेवायला सांगितलं. त्या खोलीत लहान मुलांना सोडत नसत. निघायच्या वेळी भिंगरीने आईच्या पिशवीत कपड्यांच्या घडीत हत्तीण सरकवली.

"हिला घेऊन जा," ती म्हणाली. "येताना दोघी या."

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि पिल्लाला सांभाळायला सांगितलं. भिंगरीने ते मनावर घेतलं. मला शेवटच्या पानावर उघडून तिने खिडकीखालच्या फळीवर ठेवलं आणि कोणाला मिटू दिलं नाही. मावशी राहायला आली होती, ती झाडताना मला मिटायला गेली तर भिंगरी तिच्यावर धावून गेली. मावशी रोज सांगायची, आईला आता बरं वाटतंय. सांगताना ती भाजी तरी निवडत असायची किंवा कपड्यांच्या घड्या घालत असायची. भिंगरीकडे बघून तिने हे एकदाही सांगितलं नाही. उन्हाने माझं ते पान पिवळं पडलं. आजही ते बाकीच्या पानांपेक्षा पिवळं आहे.

मग एका दुपारी पिशवी परत आली. बाबाच्या हातात नुसती पिशवी होती. मावशीने रडत रडत एकेक वस्तू बाहेर काढली. कंगवा, चष्मा, शाल, आणि तळाशी हत्तीण. तिच्या शेपटीचं मेण पार गेलं होतं, दोरा बोटांनी पिळून पिळून मऊ पडला होता, झुपका उरला नव्हता. भिंगरीने मावशीच्या हातून पिशवी घेतली, उलटी केली आणि झटकली. पुन्हा झटकली. मित्रांनो, पुस्तकाला तोंड फिरवता येत नाही, आणि मी तर सताड उघडा होतो.

त्यानंतरही भिंगरी रोज संध्याकाळी मला वाचायची. 'समाप्त' आलं की थांबायची, आणि आईच्याच सुरात म्हणायची, पुढे चला. शेवटच्या पानावर हत्तीण उभी करून स्वतःशीच पुढची गोष्ट पुटपुटायची. बाबा दारात उभा राहून ऐकायचा. डॉक्टर त्याला म्हणाले होते, की ते गरगरणं हीच दुखण्याची सुरुवात होती. माझ्याकडे नजर गेली की त्याला ती चूक दिसायची, टेबलाची धरलेली कड दिसायची, आणि आपलं ओरडणं आठवायचं. पोरगीही रोज त्या एकट्या पिल्लापाशीच अडकते, असं त्याला वाटलं. शेवटी एक दिवस, ती शाळेत गेल्यावर, तो मला कारखान्यात घेऊन गेला.

त्याने माझी शिवण उसवली. फार हळू, प्रेमाने, हे मला कबूल करायला हवं. फर्मे नीट ओळीने लावले. जुनी भोकं थोडी सैल झाली होती, म्हणून शेजारी नवी पाडली. नवा दोरा, नवी खळ, नवा पुठ्ठा. इतका सुबक मी जन्मात दिसलो नव्हतो. संध्याकाळी त्याने मला भिंगरीच्या मांडीवर ठेवलं, आणि बघ, आता आई शेवटी सापडते, असं म्हणाला.

भिंगरीने पानं उलटली. धुकं आलं, पिल्लू हरवलं, आई सापडली, 'समाप्त' आलं. तिने पुढचं पान उलटायला बोट घातलं. पुढे पुठ्ठा होता.

"आईने लावलं होतं ते," ती म्हणाली. "तू का काढलंस?"

बाबाचा चेहरा पडला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक तेवढी दिसत होती, त्या चुकीतच तिचा हात उरला होता हे दुःखात त्याला दिसलं नव्हतं. तो घाईघाईने म्हणाला, की उद्याच परत होतं तसं करून देतो.

"आता लावलंस तर ते तुझ्या हातचं होईल," भिंगरी म्हणाली.

तिने मला मिटलं आणि स्टुलावर चढून कपाटाच्या वर ठेवून दिलं. टाकून दिलं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

तिथे माझी वर्षं गेली. धूळ बसली, कसर लागली, एक कोपरा ओलीने फुगला. भिंगरी मोठी झाली, कामासाठी दूर राहायला गेली. जाताना हत्तीण घेऊन गेली, मी राहिलो. बापलेकीचं बोलणं कामापुरतं उरलं, जेवलास का, पोचलीस का, एवढंच. बाबा कधीतरी मला खाली काढून पुसायचा आणि न उघडताच परत ठेवायचा.

आता त्याचे हात थरथरतात, कारखाना सुटला. मध्यंतरी भिंगरी चार दिवस आली होती. कपाटावरची धूळ झाडताना मी तिच्या हाती लागलो. ती उभ्यानेच मला चाळायला लागली. फर्म्याच्या मधल्या घडीत, बाबाच्या दोऱ्याला लागून, तिला बारीक भोकांची एक रिकामी ओळ दिसली. ही कशाची, असं तिने विचारलं.

"तिच्या सुईची," बाबा म्हणाला. "तिचे टाके माझ्यापेक्षा बारीक असायचे."

भिंगरी खाली बसली. तिने त्या ओळीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बाबाही तिच्याशेजारी बसला. बराच वेळ कोणी उठून गेलं नाही. जाताना तिने मला कपाटावर न ठेवता खिडकीखालच्या फळीवर ठेवलं.

मित्रांनो, पुस्तकं जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी आणखी थोडं सांगतो. कोणाची वस्तू दुरुस्त करायला घ्याल, तर आधी तिच्या माणसाला विचारा. तुम्हाला जी मोडतोड वाटते ती कोणाची तरी आठवण असू शकते. आणि कधी मी तुमच्या हाती आलो, माझी शिवण सैल झालेली दिसली, तर खुशाल नवा दोरा घाला. फक्त ती बारीक रिकामी भोकं बुजवू नका. तिच्या हातचं माझ्यापाशी आता तेवढंच उरलं आहे.