शेड्यूलचा चौथा अर्थ

कोशाच्या कचेरीत त्याला मोजपट्टी म्हणत. कुणाची व्याख्या दोन ओळींच्या वर गेली की त्याच्या कपाळाला आठी पडे, आणि दोन ओळींत बसली तरी त्यातला एखादा शब्द तो काढून दाखवीच. इंग्रजीतून आपल्याकडे येऊन मुक्काम ठोकलेल्या शब्दांचा हा कोश. त्यात मोजपट्टीची चौतीस वर्षं गेली होती. वयाने तो साठीला टेकला होता आणि कामाने 'श'ला.

सुधारित आवृत्ती शुक्रवारी छापखान्यात जायची होती. सोमवारी त्याच्यापुढे 'शेड्यूल' आला आणि त्याचा डबा तसाच परत गेला.

नोंद त्याचीच होती, एकतीस वर्षांपूर्वीची. आता शेड्यूल म्हटलं की माणसं कामाचं वेळापत्रक समजतात, आणि ते भरलेलं आहे हे सांगताना त्यांची मान जरा ताठ होते. शब्दाचं कूळ मात्र बेताचं. लॅटिनमधली एक लहानशी चिठ्ठी, तिच्या मागे ग्रीकांचं पपायरसचं पान. पुढे ती चिठ्ठी दस्तऐवजाच्या शेपटाला जोडली जाऊ लागली, तिची यादी झाली, आणि रेल्वे आली तेव्हा कुठे त्या यादीत वेळा शिरल्या. म्हणजे चिठ्ठी, जोडयादी आणि वेळापत्रक असे खरे अर्थ तीन. मोजपट्टीने खाली चौथा लिहिला होता:

'४. घराबाहेर गेलेल्या माणसाच्या जोड्यात ठेवलेली, परतीची वेळ लिहिलेली चिठ्ठी. त्या वेळी माणूस येतो.'

हा सापळा होता. कोशवाल्यांची ही जुनी रीत. एखादा अर्थ आपल्या मनचा, जगात कुठेही नसलेला, हळूच आत सोडून द्यायचा. दुसऱ्या कुणाच्या कोशात तो जसाच्या तसा उतरला की चोर सापडला. सापळा कुठला, हे लावणाऱ्याला आणि मोठ्या संपादकांना तेवढं ठाऊक. मोठे संपादक वारून नऊ वर्षं झाली होती, तेव्हा आता एकट्या मोजपट्टीला. मार्चअखेर तो निवृत्त होणार होता. जाण्याआधी आपलं खोटं आपल्या हाताने पुसावं, असं त्याने ठरवलं होतं.

त्यासाठी त्याने शेड्यूलचा खण ओढला. लोक वाचता वाचता सापडलेली वाक्यं कार्डावर उतरवून कचेरीला धाडत, ती इथे अर्थवार लावलेली असत. चौथा कप्पा रिकामा असायला हवा होता. त्यात दोन कार्डं होती.

पहिलं एका शाळामास्तरीणबाईंनी आपल्या आजीच्या पत्रातून उतरवलेलं. पत्र साठ वर्षांपूर्वीचं, म्हणजे मोजपट्टीला तो अर्थ सुचायच्या किती तरी आधीचं. 'बाळूच्या बुटात शेड्यूल ठेवलं, सकाळी सात. आला. पाणी दिलं ते प्यायला नाही.' दुसरं दुसऱ्याच गावचं, हात निराळा, शाई निराळी: 'वडिलांच्या जोड्यात पावणेपाचचं शेड्यूल होतं. आले, पण उंबऱ्याच्या आत यायला त्यांना बोलवावं लागलं. आम्ही बोलावलं नाही.'

मोजपट्टीने दोन्ही कार्डं उलटी केली, पोस्टाचे शिक्के भिंगाखाली धरले. शिक्के खरे होते.

संपादकबाई नव्या होत्या आणि नियमाच्या पक्क्या. कोशाचा नियम असा की तीन साक्षी मिळाल्या की अर्थ कायमचा, मग तो काढायचा अधिकार कुणालाच नाही. चौथ्याला दोनच साक्षी दिसतात, असं बाईंनी मंगळवारी टोकलं. तो म्हणाला, उडवूनच टाकू. त्यावर बाई हसून म्हणाल्या की चौतीस वर्षं तुम्ही अर्थासाठी भांडत आलात असं ऐकलंय, अर्थाविरुद्ध पहिल्यांदाच. गुरुवारपर्यंत वाट पाहू, नाही आली तिसरी तर खुशाल उडवा. खरं काय ते सांगायला मोजपट्टीने तोंड उघडलं आणि पाणी पिऊन मिटलं.

सापळ्याची कबुली द्यायला त्याची हरकत नव्हती. पण ती दिली की पुढचा प्रश्न येणार होता: हे असलं सुचलं कुठून?

सुचलं होतं घरातून. थोरला भाऊ घरात धुसफूस होऊन सपाता घालूनच निघून गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. त्याचे काळे जोडे दाराशी तसेच होते. वहिनी दर रविवारी त्यांना पॉलिश करी. अशात एक दिवस कचेरीच्या पत्त्यावर धाकट्याला पत्र आलं, दूरच्या बंदरातल्या एका खाणावळवाल्याचं. तुमचे बंधू तापाने गेले, सामान म्हणावं असं काही नव्हतं, पायात जोडेसुद्धा नव्हते. मोजपट्टीने पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. रविवारी सांगू म्हणाला. रविवारी वहिनी पॉलिशची डबी उघडून बसली होती, तेव्हा पुढच्या रविवारी सांगू म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात कचेरीत 'शेड्यूल' लिहायला घेतला आणि पेन आपोआप चौथ्या अर्थाकडे वळलं. सांगायचं मग राहूनच गेलं. त्याचं लग्नही तसंच राहिलं. एका घरात दीर-भावजय दोन टोकांना म्हातारे झाले. त्या हिशेबाने जोड्यांना सोळाशेच्या वर रविवार पॉलिश लागलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक रविवारी मोजपट्टी पेपर तोंडासमोर धरून बसला होता.

गुरुवारी शेवटच्या टपालात तिसरं कार्ड आलं. अक्षर त्याने पत्त्यावरच ओळखलं. किराण्याच्या यादीत तो ते दर महिन्याला वाचायचा, 'ळ'ला नको तितका मोठा वेटोळा. कार्डावर एवढंच होतं: 'यांच्या जोड्यात शेड्यूल ठेवलं. गुरुवार, संध्याकाळी सव्वासहा.'

घड्याळात पाच चाळीस झाले होते. मोजपट्टीने आयुष्यात पहिल्यांदा खण उघडा टाकला. बाईंनी विचारलं तर छत्री राहिली म्हणाला. छत्री हातातच होती.

तो घरी पोचला तेव्हा सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. जोडे दाराशी, तोंडं आत वळवलेली. डाव्यात घडी घातलेली चिठ्ठी. वहिनी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, नवी साडी. चिठ्ठी उचलून फाडली की झालं, असं त्याच्या मनात आलं. तो वाकलाही. वहिनी नुसती बघत राहिली, आणि त्या बघण्याने त्याचा हात आखडला.

"वहिनी," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "दादा गेला. एकतीस वर्षं झाली. मला पत्र आलं होतं. मी सांगितलं नाही."

सहा तेरा.

"मला ठाऊक आहे, भाऊजी," वहिनी म्हणाली. "त्याच आठवड्यात तुमचा कोट झटकायला घेतला होता. वाचून परत खिशात ठेवलं."

मग इतकी वर्षं जोडे कशाला, असं त्याने विचारलं असावं, कारण तिने उत्तर दिलं.

"त्यांची वाट मी ते पत्र वाचेपर्यंतच पाहिली. बाकी तुमची. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. पेपर काही खाली येईना. आता तुम्ही निवृत्त होणार, मी किती दिवसांची कोण जाणे. तुमच्या पुस्तकात वाचलं होतं, म्हटलं लिहून बघू. जिवंत माणसाला कशाला वेळ लिहून द्यायची? तो येईल तेव्हा येईल. गेलेल्यालाच ती लागते."

"आधीची दोन कार्डं तुमचीच?"

"आधीची कसली कार्डं?" वहिनीने विचारलं, आणि ती खोटं बोलत नव्हती.

ती उठली, जोड्यातली चिठ्ठी काढली आणि त्याच्या हातात दिली. "माझं काम झालं. ही तुमच्या कामाची. त्यांना आता यायचं कारण नाही."

सव्वासहा वाजले. दोघंही दाराकडे बघत राहिली. जिन्यावर कुणी चढलं नाही. कडी हलली नाही. एक मिनिट गेलं, मोजपट्टीने छत्री खुंटीला लावली.

तेव्हा दाराच्या अगदी पलीकडे, पायपुसण्यावरून कुणी तरी वळल्याचा आवाज झाला. मग पावलं जिना उतरू लागली, सावकाश, जोड्यांचा आवाज नसलेली, अनवाणी तळव्यांची. चढताना ती कुणीच ऐकली नव्हती. अठरा पायऱ्या मोजपट्टीने मोजल्या. वहिनीने पदराने डोळे टिपले आणि कणीक मळायला गेली.

शुक्रवारी तो सगळ्यांच्या आधी कचेरीत आला. तिसरं कार्ड त्याने चौथ्या कप्प्यात लावलं आणि बाईंना सांगितलं की साक्षी पुऱ्या झाल्या, अर्थ राहील, फक्त व्याख्येत चूक आहे. बाई म्हणाल्या, छापखान्याचा माणूस खाली उभा आहे, किती वेळ लागेल? एका शब्दाचा, तो म्हणाला. मग आयुष्यात प्रथमच व्याख्येतला शब्द न काढता त्याने एक वाढवला: 'त्या वेळी माणूस दारापर्यंत येतो.'