मस्कतचे सहा परीक्षक

सिनेमा शिकायची इच्छा फिजानं घरात एकदाच बोलून दाखवली होती. बारावीच्या निकालानंतर तिनं एका फिल्म इन्स्टिट्यूटचं माहितीपत्रक मागवलं आणि अब्बा मस्कतहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्यापुढे ठेवलं. अब्बांनी ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं, नीट घडी घातली आणि चहा मागितला. फिजा समजून गेली. तिच्या पाठीवर दोन भावंडं शिकत होती आणि अब्बांच्या एसी दुरुस्त करून येणाऱ्या पगारात ती फी कुठेच बसत नव्हती. तिनं पनवेलच्याच कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलं.

पण परत जाताना अब्बांनी आपला हँडीकॅम घरीच ठेवला. "पत्रं लिहू नकोस," ते म्हणाले, "मला दाखव."

हे २००६ साल. कॅमेऱ्यात काडेपेटीएवढी कॅसेट लागायची आणि फिजाकडे ती एकच होती. महिनाभर तिच्यावर शूटिंग करायचं, मग उरण नाक्याजवळच्या कमलाकरच्या दुकानात सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं, जोडायचं, सीडी काढायची, आणि पुढच्या महिन्यात त्याच कॅसेटवर पुन्हा शूटिंग. कमलाकर लग्नांचे व्हिडिओ करायचा. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा त्यानं तिला कॉम्प्युटर वापरू दिला. बदल्यात ती लग्नांच्या सीडींवर वधूवरांची नावं सुवाच्य अक्षरात लिहून द्यायची. कापायचं कसं, जोडायचं कसं, एवढं त्यानं शिकवलं. बाकीचं शिकवणारे मस्कतला होते.

अब्बा तिथं एका खोलीत आणखी पाचजणांबरोबर राहायचे. मोहल्ल्यातलं कुणी ना कुणी तिकडे जायचं, त्याच्याबरोबर सीडी जायची आणि पुढच्या शुक्रवारी अब्बांचा फोन यायचा. पहिल्या सीडीत फिजानं सगळं घर दाखवलं होतं. फोनवर अब्बा म्हणाले की घर छान दिसलं, पण कॅमेरा इतका गरगर फिरवलास की आमच्यातले दोघं आडवे झाले. दुसऱ्या सीडीवर त्यांची तक्रार आली की फणस कापताना दिसला, खाणारे कुठे आहेत? तिसऱ्या वेळी कमलाकरच्या सल्ल्यानं तिनं सगळ्या बाजारावर एक छानसं गाणं घातलं. त्या शुक्रवारी सहाही जण एकदम नाराज होते. गाणी इथं टेपवर पुष्कळ आहेत, त्यांनी अब्बांकरवी कळवलं, आम्हाला एसटी स्टँडवरचा गोंगाट पाहिजे, कुकरची शिट्टी पाहिजे, तुझ्या अम्मीचं ओरडणं पाहिजे.

फिजा आधी रुसली. मग तिनं एक वही केली आणि परीक्षकांचं म्हणणं लिहून ठेवू लागली. शिलाई मशीनच्या टेबलावर उशी ठेवून कॅमेरा स्थिर करायला शिकली. अंधाऱ्या स्वयंपाकघरात चेहरा उजळायला चकचकीत ताटावरून उजेड पाडायला शिकली. ताट धरायचं काम अम्मीकडे, म्हणजे हाजराकडे आलं, आणि हात दुखले की ती ते सरळ खाली ठेवून द्यायची. कॅसेट एकच असल्यानं फिजा बटण दाबायच्या आधी दोनदा विचार करायला शिकली.

सहावी सीडी गेल्यावर अब्बांनी फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात दिला. तो जगन होता, उरणजवळच्या करंज्याचा कोळी, तिकडे फिटर. घरी जाऊन त्याला अडीच वर्षं झाली होती. आई फोनवर "बरी हाय" म्हणते आणि बिल चढेल म्हणून ठेवून देते, तो म्हणाला. जमलं तर तिला एकदा दाखवशील का?

पुढच्या रविवारी फिजा आणि हाजरा एसटीनं उरणला आणि तिथून सहा आसनी रिक्षानं करंज्याला पोचल्या. गुणाबाई बंदराजवळ बोंबील वाळत घालत होती. मुलाचं नाव काढताच ती हात धुऊन घरात पळाली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून, नाकावरचा चष्मा काढून ठेवून खुर्चीवर ताठ बसली. कॅमेरा सुरू झाला की ती एकच वाक्य बोलायची, "जगन, मी बरी हाय, तू बरा ऱ्हा," आणि गप्प व्हायची. फिजानं पाचसहा वेळा, मिनिट-मिनिट कॅमेरा चालू ठेवून, करून पाहिलं. दर वेळी तेच वाक्य, तोच पुतळा. कॅसेटवर आधीच महिन्याचं घरचं शूटिंग होतं, त्यात हे, म्हणजे आता जेमतेम चार मिनिटं उरली होती.

फिजानं कॅमेरा बंद केला. ती हिरमुसली होती. गुणाबाईनं सुटकेचा निःश्वास सोडला, चष्मा चढवला आणि बोंबील उलटायला निघाली. आलोच आहोत तर घरी थोडं घेऊन जाऊ म्हणून हाजरा तिच्या मागे गेली आणि तिनं भाव विचारला. ऐकून म्हणाली, पनवेलला याच्या निम्म्यात मिळतात.

"मग पनवेललाच घे," गुणाबाई म्हणाली. "तिकडं त्याच्यात वालू पन मिलते, वजनाला."

फिजानं हळूच बटण दाबलं. दोघी कमरेवर हात ठेवून भिडल्या होत्या. गुणाबाई बोंबील नाकाशी धरून दाखवत होती, हाजरा मान हलवत होती. बोलता बोलता मुलाचा विषय निघाला.

"आमच्या जगनला मासलीच्या टोपलीवर बसवला का झाला," गुणाबाई सांगू लागली. "बाई जरा रडली का हा भाव पाडायचा. म्हनून म्हटला, तू दर्यापल्याड जा बाबा, तुज्या हातात मासली नको."

तेवढ्यात कॅमेऱ्यात कॅसेट संपत आल्याची खूण लुकलुकायला लागली. फिजापुढे पेच पडला. मागे जाऊन खुर्चीवरच्या बोलण्यावर शूटिंग केलं तर जागा होत होती, पण ते गुणाबाईनं मुलासाठी ठरवून बोललेलं होतं. न विचारता पुसायला तिचा हात धजेना. तिनं मध्येच थांबवून खरं काय ते सांगितलं.

"पूस ते," गुणाबाई म्हणाली. "ती मी नाय, ती कोन दुसरीच बसलेली."

आता पुन्हा रंग भरेल का, या काळजीत फिजानं कॅसेट मागे घेतली. कॅमेरा डोळ्याला लावला, तर समोर दोन बायका संकोचून उभ्या. मग हाजरानं, कुणी काही न सांगता, एक बोंबील उचलला, दाबला आणि म्हणाली, "हे तर ओले आहेत." पुढची पाच मिनिटं फिजाला कॅमेरा सांभाळण्याशिवाय काही करावं लागलं नाही.

दुकानात कमलाकरनं सवयीनं विचारलं, गाणं कुठलं घालायचं? फिजा नाही म्हणाली. दोन दुपारी बसून तिनं सात मिनिटांचं पिक्चर केलं. कमलाकर मागे उभा राहून बघत राहिला, दोनदा हसला, आणि काउंटरवर गिऱ्हाईक आल्याचं त्याला फिजानंच सांगितलं. शेवट झाल्यावर तो म्हणाला की पुढच्या महिन्यात उरणला लग्न आहे, दुसरा कॅमेरा तू धर.

सीडी गेली. तो शुक्रवार उजाडला तेव्हा फिजा सकाळपासून फोनपाशी घुटमळत होती. फोन आला तो थेट जगनचा.

"फिजा, आईला चष्मा कवा लागला?"

चष्म्याकडे फिजानं लक्षही दिलं नव्हतं.

"मना कोनी सांगितलाच नाय," तो म्हणाला, आणि मग हसायला लागला. आम्ही तीनदा लावलं, त्यानं सांगितलं, बाजूच्या खोलीतले पण येऊन बसले होते.

मग अब्बा फोनवर आले. "ते माहितीपत्रक," ते म्हणाले, "मी इकडे घेऊन आलोय. कधी कधी वाचतो. तुला तिथं पाठवणं माझ्याच्यानं झालं नाही, बेटा."

फिजा म्हणाली, "अब्बा, चूक काय झाली ते सांगा आधी."

पलीकडे खोलीत विचारविनिमय झाल्यासारखा गलका ऐकू आला. मग अब्बांनी गंभीरपणे सांगितलं की सौदा शेवटी किती रुपयांना पटला ते कळतच नाही, त्यावरून इथं भांडणं लागली आहेत. फिजानं वही ओढली आणि लिहून घेतलं.