स्वच्छ मान

मान उजळ निघाली तर ओफेलियाचा फायदा दुहेरी होता. शाळेच्या नर्सची चिठ्ठी घरी येणार नव्हती, आणि रविवारी प्रार्थनेनंतर बायकांच्या तोंडी दुसऱ्याच कुणाचं तरी पोर जाणार होतं. म्हणून सकाळी साडेसहाला तिने सातवीतल्या दालिलाचं डोकं सिंकवर दाबून धरलं होतं आणि लिंबाची फोड खायच्या सोड्यात बुडवून ती लेकीची मान घासत होती. सोडा फसफसत होता. करड्या रंगाचा लगदा मानेवरून कानामागे ओघळत होता.

शाळेत आज सातवीच्या पोरांच्या माना बघणार होते. मखमलीसारखा काळा पट्टा दिसला की साखरेच्या दुखण्याची शंका धरून नर्स चिठ्ठी पाठवायची: डॉक्टरांना दाखवा. अशी चिठ्ठी म्हणजे आईच्या हातच्या जेवणावर मारलेला शेरा, असं ओफेलियाचं मत होतं.

दालिलाला शाळेत सोडायला आलेली सून, नेरेइदा, दारातच थांबली.

"दोन्या ओफेलिया," ती सासूला मानाने हाक मारत म्हणाली, "तो मळ नाही."

"मग काय आहे, सोनं?"

"शरीर इन्सुलिनला जुमानत नाही, म्हणून ते रक्तात वाढत जातं. त्यानं कातडी काळी पडते. त्यानंच बीजकोश बिघडतात, अंडं धड पिकत नाही. माझं हेच झालंय, मॅकॅलनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"पाच वर्षांत तुझी कूस उजवता आली नाही त्या बाईला. आता माझ्या पोरीची मान वाचायला निघाली."

"निदान हिची पाळी तरी विचारा."

"फेब्रुवारीनंतर आलीच नाही," सिंकमधून दालिला म्हणाली.

"बरंय की. तेवढाच ताप कमी."

पोरीने मान वर केली. कातडी सोलवटून लाल झाली होती, आणि लालीखाली काळं जिथल्या तिथे होतं.

"नेरेइदा, मी तुझ्यासारखी होणार?"

"छे," ओफेलिया म्हणाली, "तू अंघोळ करतेस."

मग तिने आपली चेहऱ्याला लावायची जाड क्रीम आणली आणि भिंतीची भेग बुजवावी तशी लेकीच्या मानेवर थापली.

शाळेसमोर गाडी उभी करून नेरेइदा स्टिअरिंग धरून बसली. क्रीमचा आणि लिंबाचा आंबूस वास गाडीत कोंडला होता. गप्प बसणं सोयीचं होतं. आपण रोज सकाळी दार लावून हनुवटी दाढीच्या पात्याने साफ करतो, हे तिने घरच्यांशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि ओफेलिया दुसऱ्याचं गुपित सांभाळायची ते स्वतःची सोय असेतोवर.

तिने ओला रुमाल काढला.

"इकडे वळ."

"आई मारेल."

"तुला नाही मारणार."

क्रीम चिकट होती, लवकर निघेना. पोरीने दोनदा ओठ चावले, पण मान हलवली नाही.

सोमवारी चिठ्ठी आली. ओफेलियाने लेकीला दोनच प्रश्न विचारले आणि सुनेला एकही नाही. त्यानंतरच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बायका नेरेइदाशी फार गोड बोलल्या. बोलताना त्यांची नजर तिच्या हनुवटीवर होती.

"बिचारी," त्यातली एक म्हणाली, "पोटी काही नाही ना, म्हणून लोकांच्या पोरींत खोड काढते."

दालिलाच्या रक्ताची तपासणी झाली. दुखणं वेळेत सापडलं. गोळ्या आणि रोजचं चालणं सुरू झालं, आणि डिसेंबरात पाळी आली. ओफेलियाची बदनामी दोन रविवार टिकली. तिसऱ्या रविवारी ती पायऱ्यांवर इतर आयांना सांगत होती की आईची नजर तेज हवी, मान बघितली आणि मला कळलंच. नेरेइदाचा नवरा रोखेलियो दर रविवारी आईकडे एकटाच जेवायला जाऊ लागला. येताना बायकोसाठी भाजलेलं मांस चांदीच्या कागदात बांधून आणायचा. "आईनं दिलंय," म्हणायचा, आणि तिच्याकडे न बघता ते फ्रिजमध्ये ठेवायचा.