घंटा वाजली की हात वर

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि मला जीभ नाही. बिनजिभेची बोलते कशी, असं विचाराल, तर जिभा असून न बोलणारे तुमच्या आसपास किती आहेत ते आधी पाहा, मग माझ्याकडे या.

एका ओतारीदादाने मला साच्यात ओतलं. माझा पहिला टोल ऐकून नदीपलीकडच्या म्हशींनी माना वर केल्या, असं तो सांगायचा. म्हशींचं मला ठाऊक नाही. माणसांनी पुढे हात वर केले, ते मात्र मी स्वतः पाहिलं.

माझी नेमणूक नगरसभेच्या टेबलावर झाली. तेव्हा साहेबांचं राज्य होतं आणि सभेचं काम अगदी सुटसुटीत असे. कारकून ठराव वाचायचा, मला हलवायचा, की सगळे हात वर. मंजूर! ठराव कोणी ऐकत नसे, फक्त मला ऐकत. एकदा चहावाला भरला ट्रे घेऊन आत आला आणि नेमकी मी वाजले. त्याचेही दोन्ही हात वर गेले. कपांचं काय झालं ते सांगायला नको. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे तर घाबरून बाराला जे उभे राहिले, ते खाली आलेच नाहीत. साहेब मला थोपटून म्हणायचे, "या सभेत शहाणी ही एकटीच." मला रोज घासूनपुसून लख्ख ठेवत.

मग एके दिवशी साहेब गेले. कसे गेले ते मोठ्यांना विचारा. प्रत्येक जण सांगेल, मीच घालवले.

पहिली मोकळी सभा भरली. लोकांनी अध्यक्ष निवडलं सुईणबाईंना, कारण निम्मं गाव त्यांच्याच हातून जगात आलं होतं. ठराव कंत्राटदाराचा होता: चौकातलं घड्याळजीचं दुकान पाडायचं आणि तिथे गाड्या लावायला जागा करायची. दुकान घड्याळजीच्या वडिलांपासूनचं, वरच्या माडीवर त्याचा संसार. बिचारा आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलायला उभा राहिला. त्याने तोंड उघडलं मात्र, सगळेच एकदम बोलू लागले. इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलणं ते! छपरावरची कबुतरं कानांवर पंख ठेवून उडाली.

लोकांना गप्प करायला सुईणबाईंनी मला वाजवलं.

सभागृह चिडीचूप झालं. आणि सगळे हात वर गेले.

"झालं! मंजूर! एकमताने!" कंत्राटदार ओरडला.

"अहो!" घड्याळजीच्या बायकोने नवऱ्याचा सदरा ओढला. "हात खाली घ्या! आपलंच दुकान पाडतायत!"

घड्याळजीने वर पाहिलं. स्वतःचाच हात त्याला परका वाटला. "मी कुठे केला? आपोआप गेला गं."

हशा पिकला, पुन्हा गलका झाला. सुईणबाईंनी पुन्हा मला वाजवलं. पुन्हा हात वर!

"दोनदा मंजूर!"

"मेल्या, जन्मलास तेव्हा चापटी मारली तरी रडत नव्हतास," सुईणबाई कडाडल्या. "तसाच गप्प राहिला असतास तर बरं झालं असतं!"

मग त्यांनी मला उलटं केलं, आतली जीभ काढली आणि खिशात टाकली.

"आता एकेकाने बोलायचं. हात नंतर."

"वेळ लागेल हो, बाई."

"बाळंतपणाला लागतो तेवढा लागू दे."

दिवस कलला. शेवटी हात वर गेले, तेही अर्धेमुर्धे, शेजाऱ्याकडे बघत बघत. दुकान वाचलं, पण काठावर.

तेव्हापासून सभा लांबतात, भांडणं होतात. पूर्वी कसं झटपट उरकायचं, असं लोक उसासून म्हणतात. मी कोणाच्या बाजूची नाही, पितळ आहे. सुईणबाई गेल्या. माझी जीभ टेबलाच्या खणात पडून आहे आणि अंगावर हिरवट डाग चढलेत. हल्ली कंत्राटदारच मला आपल्या रुमालाने पुसतो. परवा म्हणाला, "बिचारीची जीभ बसवून टाकू या. सभेला शोभा येईल." लोक म्हणाले, "काय हरकत आहे?" पुढच्या सभेला दुकानाचा तोच ठराव पुन्हा यायचा आहे. घड्याळजीने आपला उजवा हात डाव्या हाताने मांडीवर घट्ट दाबून धरला होता.

मित्रांनो, मला घासा, पुसा, हवी तर जीभही बसवा. फक्त मी वाजले की आपल्या हाताला एकदा विचारा, "बाबा रे, कुठे निघालास?"