शनिवारची घासणी

वोप्के तेर्प्स्त्राने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून धुतल्या. एक गाई, दुसरा डेस्मंड. गाई विकून बरीच वर्षं झाली होती. डेस्मंड मात्र चर्चच्या मागे, सात पांढऱ्या दगडांच्या रांगेत शेवटचा, अजून त्याच्याच हवाली होता.

युद्धात एक बॉम्बफेकी विमान गावामागच्या कुरणात कोसळलं, त्यातली ही सात पोरं. गावाने त्यांना पुरलं आणि सात घरांनी एकेक कबर वाटून घेतली. तेर्प्स्त्रांच्या वाट्याला डेस्मंड क्विल्टर आला. न्यूझीलंडचा, वय वर्षं वीस, विमानाच्या शेपटीत बंदूक धरून बसणारा. आधी वोप्केच्या आईने त्याची देखभाल केली, मग शेताबरोबर तोही वोप्केकडे आला. दर शनिवारी दाराची पायरी घासून झाली की तीच बादली, तोच हिरवा साबण आणि तोच राठ ब्रश सायकलला अडकवून वोप्के कबरस्तानात हजर. शेजारची कबर गावातल्या गेर्लोफच्या वाट्याची. तो कधीमधी झारीभर पाणी ओतून मोकळा व्हायचा. त्याच्या दगडावर शेवाळ काय, करडे डाग काय. "तुझ्या पायलटला दाढी आली रे," हे वोप्के त्याला चाळीस वर्षं ऐकवत होता.

आणि आता डेस्मंडची बहीण येणार होती. मेव्हिस, ऐंशीला टेकलेली. चार मेला संध्याकाळी युद्धात गेलेल्यांच्या आठवणीत गाव कबरींपाशी जमतं आणि आठ वाजता दोन मिनिटं गप्प उभं राहतं, त्या वेळेला ती पोहोचणार होती.

"तिला दिसत नाही हं," चर्चच्या पाद्रीबाई वोप्केला म्हणाल्या. "भावाचं नाव बोटांनी वाचायचंय तिला. तेवढ्यासाठी एवढ्या लांबून येतेय."

वोप्के तडक कबरीपाशी गेला. डोळे मिटले आणि दगडावर बोटं फिरवली. बोटांना काही म्हणता काही लागेना. साबणाची वडी वापरून वापरून होते ना, तसा दगड गुळगुळीत. मग इकडेतिकडे बघून त्याने गेर्लोफच्या पायलटवर हात फिरवला. शेवाळाखाली एकेक अक्षर नखाला अडकत होतं.

युद्धातल्या कबरींच्या कचेरीचा, दगडांची निगा बघणारा माणूस दरवर्षी बजावायचा, नुसतं पाणी आणि मऊ फडकं वापरा. वोप्केला वाटायचं, परक्या माणसाला स्वच्छता काय कळणार. गेल्या खेपेला त्या माणसाने मान हलवत नवा दगड मागवतो म्हटलं होतं, पण तो यायला अजून अवकाश होता.

"लढाईत त्या पोराचा जीव गेला, पण नाव तरी राहिलं होतं," वोप्के घरी येऊन बायकोला म्हणाला. "तेवढं उरलेलं काम मी पुरं केलं."

येल्टयेने कॉफीबरोबर त्याला एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. "मी सांगत नव्हते? आपल्या पायरीला मधोमध खळगा पडलाय, तो काय उंदरांनी पाडला?"

"होडीला लावायचा काळा रंग आहे ना आपल्याकडे? अक्षरांवर जाड थर दिला तर बोटाला लागेल."

"म्हणजे म्हातारीची बोटं काळी करून परत धाडणार."

"मग गेर्लोफच्या पायलटपाशीच नेऊ का तिला?"

"ती आंधळी आहे वोप्के, अडाणी नाही. खरं काय ते सांग. आणि त्या दिवशी चांगला कोट घाल."

चार मेला वोप्के चांगला कोट घालून कबरीपाशी उभा होता. मेव्हिस आली. बुटकी, गोल, पाद्रीबाईंच्या हाताला धरून. तिने रांगेच्या सुरुवातीपासून सुरुवात केली. प्रत्येक दगडावर बोटं फिरवून नाव मोठ्याने वाचायची आणि पुढे सरकायची. गेर्लोफच्या पायलटचं नाव तिने एका दमात वाचलं. गेर्लोफ खोकला. वोप्केला वाटलं, या माणसाचा आळससुद्धा आपल्या मेहनतीपेक्षा कामाचा निघाला.

मग ती शेवटच्या दगडाशी आली. बोटं डावीकडून उजवीकडे गेली, वर गेली, खाली आली.

"हा कोराच आहे," ती म्हणाली. "या बिचाऱ्याचं नाव कोणाला कळलंच नाही का? आणि आमचा डेस्मंड कुठाय?"

"हाच डेस्मंड, बाई," वोप्के म्हणाला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो बोलत होता. "नाव मी घालवलं. चाळीस वर्षं दर शनिवारी ब्रशने घासलं. माझ्याइतका मूर्ख आख्ख्या फ्रीसलंड प्रांतात सापडायचा नाही. हवं तर कोणालाही विचारा."

"खरंय," मागून गेर्लोफ म्हणाला.

मेव्हिस त्याच्या आवाजाकडे वळली. "पण इतकं घासलंत कशाला?"

"आमच्या आईची सवय. तुमचा भाऊ कुरणातल्या चिखलात सापडला. आई म्हणाली, असा कसा पुरायचा पोराला? तिने घरून कोमट पाणी नेलं. त्याचा चेहरा धुतला, कानामागचा चिखलसुद्धा काढला. मग दगड बसला, तर दगड धुवायला लागली. तिच्यानंतर मी. मला थांबावं कुठे ते कळलं नाही."

मेव्हिसने दगडाच्या कडेला घट्ट धरलं. "आमची आई मरेपर्यंत एकच विचारायची," ती म्हणाली. "त्याला कोणी धुतलं असेल का गं? मी म्हणायचे, हो गं, धुतलं असेल. मला काय ठाऊक होतं? तिला बरं वाटावं म्हणून म्हणायचे."

वोप्केला रडू फुटलं. चांगल्या कोटाच्या बाहीने त्याने नाक पुसलं, आणि येल्टयेने चक्क ते चालवून घेतलं.

"आता मला त्याचं नाव दाखवा," मेव्हिस म्हणाली.

वोप्के गुडघ्यांवर बसला आणि तिचं बोट हातात घेतलं. प्रत्येक अक्षरात साबण कुठे अडायचा, ते त्याच्या हाताला पाठ होतं. गुळगुळीत दगडावरून तो तिचं बोट हळूहळू फिरवत गेला. डेस्मंड झालं, मग आडनावाचा इंग्रजी क्यू. "हा गोल. आणि ही खाली त्याची शेपटी."

"ती शेपटी मी लहानपणी विसरायचे," ती म्हणाली. "तो मला चिडवायचा."

तेवढ्यात आठचे टोले पडले. सगळं गाव गप्प झालं. दोन मिनिटं तिचं बोट त्याच्या हातात तसंच, त्या शेपटीवर थांबून राहिलं. मग त्यांनी आडनाव पुरं केलं.

निघताना तिने ब्रश मागितला. वोप्केने तो सायकलवरून सोडवून दिला. फेकून देईल, असं त्याला वाटलं आणि ते त्याला रास्तच वाटलं. तिने ब्रशच्या केसांवरून बोट फिरवलं, तो रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला.

"आईच्या कबरीवर नेऊन ठेवते," ती म्हणाली. "आणि तुम्ही आता पुरे करा. झाला तो स्वच्छ."

पुढच्या शनिवारी पायरी झाडून वोप्के सवयीने कबरस्तानात गेला. हात रिकामे, ते कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. गेर्लोफ झारी घेऊन आला होता. डेस्मंडच्या दगडाच्या खालच्या कोपऱ्यात शेवाळाचा हिरवट ठिपका उमटला होता, तो त्याने वाकून बघितला.

"काय रे, तुझ्या पोरालाही दाढी येऊ देणार का आता?"

"येऊ दे," वोप्के म्हणाला. "विसाव्या वर्षी त्याला धड आली तरी कुठे होती."